फॉन्ट बरोबर दिलाय

दुपारचं जेवण झालंय. कॉटवर आडवा झालोय, पंखा तीनवर आहे आणि डोळा लागतोय न लागतोय असं चाललंय. घड्याळात अडीच. चार वाजता रेश्मा मुल्ला येणार आणि आमचा कॉम्प्युटर पुसून टाकणार. पुसून म्हणजे फडक्यानं नव्हे. फॉरमॅट. आतलं होतं नव्हतं ते सगळं साफ. मीच सांगितलंय तिला, तेही ओरडून.

कॉम्प्युटर माझा नाही. माझ्या बायकोचा, इंदूचा. इंदूला जाऊन चौदा महिने झाले. बावीस वर्षं तिनं घरी बसून डीटीपी केलं. लग्नपत्रिका, शाळांचे पेपर, गणपती मंडळांचे अहवाल. निम्म्या कराडची लग्नं माझ्या बायकोच्या बोटांखालून गेलीत म्हणा ना. मी एसटीत हेड मेकॅनिक होतो. छत्तीस वर्षं इंजिनं खोलली आणि जोडली, पण घरातल्या त्या डब्याला कधी हात लावला नाही. ती म्हणायची, "अहो, बसा की जरा, दाखवते." मी म्हणायचो, "मला काय करायचंय ते?"

आता तो कोपऱ्यावरच्या वाचनालयाला द्यायचा ठरवलंय. स्टँडजवळ रेश्माचं दुरुस्तीचं दुकान आहे, ती म्हणाली, "काका, देण्याआधी बघून घ्या हं, काही ठेवायचं असेल तर." म्हणून काल बसलो. एक बोट, एक बटण, असं करत तासाभरानं एक फाईल सापडली. नाव इंग्रजी अक्षरांत होतं, पण वाचलं तर मराठी. अहोंसाठी.

अहो म्हणजे मी. चाळीस वर्षांत तिनं मला दुसरी हाक मारली नाही.

फाईल उघडली. चौदा पानं. आणि चौदाच्या चौदा पानांवर नुसता कचरा! एबीसीडी, मधेच कंस, मधेच डॉलर, टोपी घातलेला ए, शेपूट फुटलेला सी. मराठीचं अक्षर औषधालासुद्धा नाही. बायकोनं जाता जाता माझ्यासाठी काहीतरी लिहून ठेवलं आणि ते व्हायरसनं खाल्लं. मस्तकात तिडीक गेली माझ्या. रेश्माला फोन लावला आणि म्हणालो, "काही ठेवायचं नाही. पूस सगळं." ती बिचारी काहीतरी विचारत होती, मी फोन ठेवून दिला.

तर असा पडलोय. पंखा घरघरतोय. घरघर हळूहळू बारीक होते, आणि तिच्यातून दुसराच आवाज येतो. टकटक, टकटक. थांबून पुन्हा टकटक.

"बास कर की गं आता," मी डोळे न उघडताच म्हणतो. "जरा पड."

"पाचच मिनिटं," ती म्हणते.

मी डोळे उघडतो. पलीकडच्या खोलीत टेबलापाशी इंदू बसलीय, पाठमोरी. केस परत आलेत तिचे, चांगले जाड, सैल अंबाडा घातलाय. अंगात तो दवाखान्यातला करडा स्वेटर आहे. ती गेलीय हे मला पक्कं ठाऊक आहे, पण त्याचं मला काही वाटत नाही. उलट वाटतं, बरं झालं, आली एकदाची.

"जेवलात?"

"जेवलो. आमटी जास्त झाली होती."

"मग? टाकली?"

"झाकून ठेवलीय."

"शिकला की तुम्ही," ती म्हणते आणि हसते. पाठ हलते तिची. "या इकडं. हा अडकलाय बघा."

मी उठून जातो. टेबलाजवळची खुर्ची चालकाची आहे. म्हणजे खरीच, एसटीची, फाटक्या रेक्झिनची, मीच कधीतरी शिवलेली. समोर स्टिअरिंग आहे आणि काचेच्या जागी मॉनिटर. आम्ही वर्कशॉपमध्ये आहोत. गाडी पिटवर, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर, उभी आहे, डिझेलचा आणि ओल्या चिंध्यांचा वास येतोय. मागं सगळ्या सीटा भरलेल्या आहेत. नवे कपडे घातलेली माणसं, बायकांच्या केसांत गजरे, आणि प्रत्येकाच्या हातात पत्रिका. कुणी बोलत नाही. काचेवर वाळूचं घड्याळ गोल गोल फिरतंय.

मी एंटर दाबतो. काही होत नाही. पुन्हा दाबतो. मग दणादण दाबत सुटतो.

"अहो! अहो, थांबा!" इंदू माझं मनगट धरते. हात गार आहे, पण तिचाच आहे. "एकदा सांगितलं ना त्याला? ऐकलंय त्यानं. करतोय. तुम्ही दहादा दाबलं की दहा कामं साठतात त्याच्या डोक्यावर. मग तो आणखीच गप्प होतो."

"मग बोंबलून सांगू नको तर काय करू? हलतोय का बघ!"

"माझ्यावरही असंच बोंबलायचा तुम्ही," ती म्हणते. रागानं नाही, पेपरातली बातमी सांगावी तसं म्हणते. "चहा कुठाय, चहा कुठाय, चहा कुठाय. पहिल्यांदाच ऐकू यायचं मला. आधण ठेवलेलं असायचं."

मागच्या सीटवरची एक बाई खाली मान घालून हसते.

मी वाकून तार शोधतो. सरळ प्लग उपटून टाकावा, कटकट मिटेल.

"हं, हं, हं! चालू गाडीत बॅटरीची तार काढाल का तुम्ही?"

"नाही."

"मग याची का काढताय? आधी वाट बघायची. नाहीच हलला तर जे अडकलंय तेवढंच बंद करायचं, सगळं नाही. तेही नाही जमलं तर रीतसर बंद करून चालू करायचं. आणि दर पाच मिनिटांनी सेव्ह. वीज काय सांगून जात नाही."

"तू तरी कुठं सांगून गेलीस?"

तोंडातून निघून जातं. निघायला नको होतं. इंदू माझ्याकडं बघते, पहिल्यांदाच तोंड वळवून. चेहरा आजारपणाच्या आधीचा आहे, गालावर तो तीळ, आणि चष्मा नाकावर उतरलेला.

"आठ महिने सांगत होते की," ती म्हणते. "तुम्ही ऐकत नव्हता."

खरं आहे ते. ती म्हणायची, मी नसेन तेव्हा गॅसचं पुस्तक इथं आहे, संग्रामला दर रविवारी फोन करा, विम्याचे कागद हिरव्या फाईलमध्ये आहेत. आणि मी दर वेळी म्हणायचो, "गप्प बस. अभद्र बोलू नकोस." मला वाटायचं, बोललं नाही तर ते होणार नाही. अशी माझी अक्कल!

"चुकलं माझं," मी म्हणतो.

"चुकलं तर कंट्रोल झेड," ती म्हणते. "ही दोन बटणं. चुकलं की एक पाऊल मागं. हे तरी शिकून घ्या."

"किती मागं जातं?"

मी दाबतो. बस एक हात मागं सरकते. इंजिन बंद आहे तरी सरकते. पुन्हा दाबतो. मागचं दार, वर्कशॉपचं फाटक, स्टँड, सगळं उलटं जातं. पुन्हा दाबतो आणि मी दवाखान्यात उभा आहे, हातात पेजेचा डबा. इंदू कॉटवर उशीला टेकून बसलीय. डोक्याला रुमाल. मांडीवर एक पाकीट आहे, लग्नपत्रिकेचं.

"अहो, घरी गेलात की हे तुमच्या पान्यांच्या पेटीत ठेवा," ती म्हणते. आवाज अगदी खोल गेलाय. "वरच्या कप्प्याखाली. तिथं तुम्हाला..."

"माझ्या पेटीत कुणी हात घालायचा नाही!" कोणीतरी ओरडतं. मीच. "पेज घे आधी. कुठलं पाकीट नि कसलं काय!"

पाकीट तिच्या हातात तसंच राहतं.

मी कंट्रोल झेड दाबतो. अजून मागं जायचंय. डॉक्टरनं दुखणं सांगितलं त्याच्या आधी, पोटात दुखतंय म्हणाली आणि मी ओवा खा म्हणालो त्याच्या आधी. दाबतोय, दाबतोय, बोट दुखायला लागतं, पण कॉट तिथंच, रुमाल तिथंच. इंदू उशीवरून हात काढून माझ्या हातावर ठेवते.

"बास," ती म्हणते. "तिथवर नाही जात ते. फाईल उघडल्यापासूनचंच जातं फक्त. एकदा बंद केली की संपलं."

मला रडू येतं. लपवून काय करू? तिला अग्नी दिला तेव्हाही चारचौघांत दात दाबून उभा राहिलो होतो. आता हमसून हमसून रडतोय आणि पेज सांडतेय बुटांवर. इंदू पदरानं पुसत नाही, काही नाही. नुसती थांबते. माझं रडून होईपर्यंत थांबते.

"झालं?" ती विचारते.

"झालं."

"मग चला. लोक खोळंबलेत."

मंगल कार्यालयात पंगत बसलीय. आम्ही दोघं शेजारी शेजारी, पाटावर. बसमधलीच सगळी माणसं आहेत. पानात वाढलंय, पण कुणी जेवत नाही. सगळे पत्रिका डोळ्यांजवळ धरून बघताहेत. मी माझी उघडतो. वर गणपती आहे, बरोबर आहे. त्याखाली एबीसीडी, कंस, डॉलर, टोपी घातलेला ए.

"हेच!" मी ओरडतो. "हाच तो व्हायरस! बघ, सगळ्या पत्रिका खाल्ल्यात त्यानं!"

"व्हायरस तुम्हाला कुणी सांगितला?"

"सांगायला कशाला पाहिजे? दिसतंय की!"

"बरं," इंदू म्हणते. पानातल्या जिलेबीचा तुकडा मोडते, माझ्या पानात ठेवते. "गाडी आली वर्कशॉपला. धूर काळा. तुम्ही लगेच इंजिन भंगारात काढायचा?"

"येडी का काय? आधी खोलून बघायचं. कधी कधी नुसता फिल्टर तुंबलेला असतो."

"छत्तीस वर्षांत किती इंजिनं न बघता काढली?"

"एक नाही."

"आणि माझं काढलंत."

मी जिलेबीचा तुकडा पानात इकडून तिकडं सरकवतो.

"दाखवलंत कुणाला?"

"कुणाला दाखवू? तू माझ्यासाठी लिहिलेलं, ते मी त्या पोरीला दाखवू? काय असेल, काय नसेल त्यात!"

इंदू इतकी हसते की चष्मा पानात पडतो. सगळी पंगत बघायला लागते. "अगं आई गं! काय असणार आहे? साठीतली बाई मी, प्रेमपत्र लिहिणार होते का तुम्हाला?" ती चष्मा पुसते. मग हळू आवाजात म्हणते, "अक्षरं कुठं गेली नाहीत हो. आहेत तिथंच आहेत. त्यांच्या अंगावरचे कपडे गेलेत, म्हणून तुम्हाला ओळखू येईनात. संग्रामनं दिवाळीत काय केलं होतं?"

संग्राम आमचा मुलगा, नाशिकला असतो. दिवाळीत आला होता, म्हणाला, "बाबा, किती मंद चालतोय हा, नवीन विंडोज टाकून देतो." आईच्या सगळ्या फाईली जपून परत ठेवल्या त्यानं. फोटोसुद्धा.

"फाईली ठेवल्या," मी म्हणतो.

"फाईली ठेवल्या," ती म्हणते आणि माझ्याकडं बघत राहते. शिकवणीतल्या मंद पोराकडं बाई बघतात तशी.

तेवढ्यात कार्यालयात फोन वाजतो. आमच्या घरातला जुना काळा फोन, पानांच्या मधोमध ठेवलेला. इंदू उचलते. कानाला खांदा लावून, दोन्ही हात मोकळे, तिची ती सवय. आणि बोलते तेच, जे मी बावीस वर्षं पेपर वाचता वाचता ऐकत आलो, रोज, प्रेसवाल्यांशी बोलताना. "हां, पाठवलीय फाईल. अक्षरं दिसत नाहीत? अहो दिसतील कशी, आमचा जुना मराठी फॉन्ट तुमच्या मशीनमध्ये नसणार. मी नुसती फाईल कधी पाठवते का? पाकिटात बघा. फॉन्ट बरोबर दिलाय."

ती फोन ठेवते.

"कुठलं पाकीट?" मी विचारतो.

इंदू उठते. पंगतीच्या मधून चालत जाते, साडी सावरते आणि पायऱ्या उतरावं तशी खाली उतरते. पंगतीच्या खाली पिट आहे. वर बस आहे. मी काठावर उकिडवा बसलोय आणि खालून तिचा हात वर येतो.

"तेराचा पाना द्या."

माझी पेटी शेजारीच आहे. निळी, पत्र्याची, कडी वाकलेली. झाकण उघडतो. तेराचा पाना वरच्या कप्प्यात असतो, डावीकडून तिसरा, झोपेतसुद्धा सापडेल. पण नाही. हात घालतो तर सगळे पाने आहेत, तेवढा तेराचा नाही.

"वर नाही," मी म्हणतो.

"मग खाली बघा की," खालून आवाज येतो.

मी वरचा कप्पा धरून उचलायला जातो. तो निघत नाही. बसमधली माणसं टाळ्या वाजवायला लागलीत, एकदम, अक्षता पडल्यावर वाजवतात तशा. आणि गाडीचा हॉर्न वाजतो, लांब, पुन्हा पुन्हा.

"इंदू! काय लिहिलंयस ते तरी सांग!"

"वाचा," ती म्हणते. आवाज लांब गेलाय, इंजिनाच्या पलीकडं. "चष्मा लावून वाचा. आणि आमटी गरम करून खा, तशीच गार खाऊ नका."

हॉर्न वाजतोय. हॉर्न नाही, दारावरची बेल. पंखा तीनवर. घड्याळात चार वाजून पाच. माझी उशी ओली झालीय आणि उजव्या हाताचं पहिलं बोट खरंच दुखतंय.

"काका! ओ शेडगे काका! झोपलात काय?"

"थांब!" मी ओरडतो. "आलो!"

दाराकडं जात नाही. कॉटखाली वाकतो. पेटी मागं, भिंतीला टेकून, धुळीनं पांढरी झालेली. इंदूचं दुखणं कळलं तेव्हापासून मी ती उघडलेली नाही. कशाला उघडू? तिच्या दुखण्याला लागेल असं काही नव्हतंच त्यात. ओढून बाहेर काढतो. कडी वाकडी आहे, ठोकून उघडावी लागते. वरच्या कप्प्यात पाने ओळीनं. तेराचा पाना आपल्या जागी, डावीकडून तिसरा.

कप्पा दोन्ही हातांनी धरतो आणि उचलतो. ह्या वेळी निघतो.

खाली, ग्रीसच्या डब्याशेजारी, लग्नपत्रिकेचं एक पाकीट आहे. कोपऱ्याला हळदीकुंकू. आत एक सीडी, आणि सीडीवर मार्करनं, तिच्या त्या गोल अक्षरात लिहिलंय, फॉन्ट.

मी ओरडलो तरी तिनं ठेवलंच होतं. दवाखान्याच्या दोन खेपांच्या मधे आठ दिवस ती घरी आली होती, तेव्हा कधीतरी खाली वाकून, त्या पोटानं, ही कडी तिनं उघडली असणार. मला ऐकू गेलं नाही. मी पुढच्या खोलीत टीव्ही लावून बसलो असेन.

दार उघडतो. रेश्मा घामाघूम उभी आहे, पाठीला बॅग. "किती बेल वाजवली काका, जीव घाबरला माझा. चला, करून टाकू फॉरमॅट."

"फॉरमॅट नाही," मी म्हणतो. "ही सीडी घालायचीय. पण आधी एक गोष्ट बघ."

तिला फाईल दाखवतो. टोपी घातलेला ए आणि शेपूट फुटलेला सी. ती दोन सेकंद बघते आणि कपाळावर हात मारते. "अहो काका! हा जुना मराठी फॉन्ट आहे, नवीन विंडोज टाकताना उडालाय. व्हायरस कुठला! काल फोनवर तेच विचारत होते मी, काकूंच्या जुन्या मराठी फाईली आहेत का म्हणून, तर तुम्ही ठेवून दिला. दाखवायचं नाही का मला?"

"चुकलं," मी म्हणतो. हा शब्द एका दिवसात दुसऱ्यांदा.

सीडी आत जाते. मशीन घरघरतं. मी एंटरकडं बोट नेतो आणि परत घेतो. हात मांडीवर ठेवून बसतो. रेश्मा सीडीवरचा फॉन्ट मशीनमध्ये टाकते, फाईल बंद करते, पुन्हा उघडते. आणि काचेवर, वरपासून खालपर्यंत, मराठी.

ती पहिली ओळ वाचते आणि खुर्ची माझ्याकडं सरकवते. "तुम्हीच वाचा काका. मी पाणी पिऊन येते."

मी चष्मा लावतो.

"अहो, कॉम्प्युटर शिकवायला बसवलं की तुम्ही ओरडता, म्हणून लिहून ठेवते. तुमच्या गाडीच्या भाषेत लिहिलंय, समजेल. घाई करू नका. एक एक ओळ वाचा, मगच बटण दाबा.

पहिली गोष्ट. काही अडलं तर एकटे झुंजत बसू नका, कुणाला तरी दाखवा. तुम्ही दाखवणार नाही, मला माहीत आहे. तरी दाखवा."